बिनपाटीची गाडी

दुसऱ्याचं भलं करायला माणसाने जाऊ नये, आणि तो दुसरा आपला बाप असेल तर हात खिशातच ठेवावेत, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. पण सांगून ऐकतो कोण? मला कोणी सांगितलं असतं तर मीही ऐकलं नसतं. मुळात मला एका जागी बसवत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं माझी बायको स्वप्ना म्हणते. हायस्कुलात भूगोल शिकवताना मी खिडकी ते दार अशा फेऱ्या मारत असतो आणि मुलं कोकणातल्या नद्यांचा उगम सोडून माझ्याकडे बघत बसतात.

सगळ्याची सुरुवात पिंगुळीपासून झाली. पिंगुळी कुडाळच्या पलीकडे आणि आमची वाडी कुडाळच्या अलीकडे, मालवणच्या अंगाला, खाडीकाठी. म्हणजे आमच्या अण्णांचा पिंगुळीशी काही संबंध नाही. तरी एका दुपारी त्यांचा पिंगुळीहून फोन आला.

"सुदेशा, माका न्हेवक ये. मी पिंगुळेक आसंय."

"थंय कित्याक गेलास?"

"जरा काम होता."

"काय काम?"

"उतरूचा," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला.

मी रिक्षा करून गेलो. अण्णा रस्त्याच्या कडेला छत्री टेकून, मान ताठ ठेवून उभे होते. हळूहळू उलगडा झाला तो असा. कुडाळ स्टँडवर ते मालवणची म्हणून सावंतवाडीच्या गाडीत बसले. गाडी उलट्या बाजूला वळली तेव्हा वळणावरून त्यांनी ओळखलं आणि पिंगुळीला उतरून घेतलं. आता, चुकीच्या गाडीत कोणीही बसतं. मीही बसलो आहे. पण आमचे अण्णा, भिकाजी, एस्टीचे निवृत्त ड्रायव्हर. जन्मभर ज्याने गाडीला पाटी लावून गाडी काढली, त्याला पाटी दिसू नये! रिक्षात ते छत्री मांडीवर आडवी धरून बसले. घर जवळ आल्यावर फक्त म्हणाले, "कोणाक सांगा नको."

कुडाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. ऑपरेशन सोपं होतं, पण अण्णांची साखर पाहून डॉक्टरांनी हात मागे घेतला. "साखर खाली आणा, मग डोळ्याला हात लावू. फार उशीर मात्र करू नका. भात निम्मा करा आणि रोज चाला."

दोनच गोष्टी. मला वाटलं, महिन्याभरात उरकू.

भातापासून सुरुवात केली. डॉक्टरांनी विचारलं होतं, "किती वेळा जेवता?" आणि अण्णांनी ऑफिसातल्या मराठीत सांगितलं होतं, "दोन वेळा, साहेब." ते खोटं नव्हतं. आमच्याकडे जेवण म्हणजे भात, दुपारचा आणि रात्रीचा. सकाळी न्याहारीनंतर मोठा वाडगाभर उकड्या तांदळाची पेज होते, पण ती जेवणात धरत नाहीत. स्वप्नाने पेजेचा वाडगा लहान केला तेव्हा अण्णा दुखावले.

"पेज खंय जेवान? पेज ती पेज."

"अण्णा, ती पण तांदळाचीच ना?"

"मगे पाणी किती आसता तेच्यात? डॉक्टरान पाणी कमी करूक सांगल्यान काय?"

भाताऐवजी नाचणीची भाकरी दिली. अण्णांनी ती निमूटपणे खाल्ली आणि मग पानावर भाताची वाट बघत बसले. भाकरी खायला सांगितली ती खाल्ली, भात कमी करायला सांगितला तो कमी जेवतो, पण जेवायला तर हवंच, असा त्यांचा हिशोब होता. वाद घालावा तर त्यात खोट काढता येत नाही.

एव्हाना शेजार जागा झाला होता. आमच्या कुंपणापलीकडे शेवंतीकाकू राहतात. साऱ्या वाडीचं आरोग्य त्यांच्याच देखरेखीखाली असतं. त्यांनी कारल्याचा रस सांगितला. अण्णांनी तो घेतला, पण कडू लागतो म्हणून मागून गुळाचा खडा तोंडात टाकला. दुसऱ्या बाजूला जॉनअंकल. जन्मभर बोटीवर कुक होते. ते म्हणाले, "आमच्या कॅप्टनाक अशीच साखर होती. मी तेका ओट्स घालून बरो केलंय." मी मालवणातून ओट्स आणले. अण्णांनी एक चमचा तोंडात घेतला आणि विचारलं, "कॅप्टन आता खंय आसता?" जॉनअंकल म्हणाले, "वारलो." ओट्सचा डबा अजून फळीवर आहे.

म्हटलं, खाण्याचं राहू दे, चालायला तरी लावू. मी अण्णांना पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. अण्णांनी ते उलटेपालटे करून तळवे पाहिले, टायर बघावा तसे. म्हणाले, "मी गाडी चुकललो माणूस काय चालूक?" पण डोळ्यांचा विषय काढला की ते गप्प होत. सकाळी मी त्यांचा हात धरला आणि आम्ही निघालो.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. रस्त्यात माणूस भेटला की आम्ही नमस्कार-चमत्कार करत नाही. आम्ही विचारतो, "खंय चललंस?" कुठे निघालास, एवढंच. याला भोचकपणा म्हणू नये. ही आमची रामराम म्हणण्याची पद्धत आहे, फक्त हिला उत्तर द्यावं लागतं. बाजारात, दळणाला, मयताला, तहसीलला, काहीही चालतं. उत्तर नसलेला माणूस मात्र आमच्या रस्त्यावर आजवर चाललेला नाही.

शेवंतीकाकू अंगण झाडत होत्या. "खंय चललास, अण्णा?"

अण्णा थांबले. मी "फिरायला" म्हणणार होतो, पण अण्णांना हा शब्द समुद्राच्या पुळणीवर येणाऱ्या पर्यटकांसाठीच माहीत. ते खरं तेच बोलले.

"खंय नाय."

"खंय नाय म्हणजे?"

"म्हणजे खंय नाय गो. ह्यो चलवता, मी चलतंय."

काकूंचा झाडू थांबला. मी हसून बघितलं, पण उपयोग झाला नाही. पुढे ओढ्यावरच्या साकवापर्यंत जो भेटला त्याने विचारलं आणि अण्णांनी प्रत्येकाला तेच सांगितलं, "खंय नाय." प्रत्येकजण आधी अण्णांच्या पांढऱ्या बुटांकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मग मान खाली घालून निघून जायचा.

आम्ही परत येईपर्यंत वाडीने निकाल लावला होता. म्हातारा पहाटे नवे बूट घालून घराबाहेर पडतो, जायला जागा नाही आणि पोरगा दंडाला धरून नेतो, याचा अर्थ एकच. सुनेने घराबाहेर काढलं. शिवाय भात बंद केल्याची बातमी आधीच फुटलेली होती.

शाळेत हेडक्लार्कने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सर, आईबाप पुन्हा मिळत नाहीत." संध्याकाळी जॉनअंकल आले, खुर्चीच्या टोकावर बसले, आणि घरातली गोष्ट घरात मिटवावी असं भिंतीला सांगून गेले. त्यांच्या ईडाआंटीने अण्णांसाठी पुलावाचा डबा पाठवला. स्वप्नाने तो घेतला, "थँक्यू" म्हटलं, दार लावलं आणि डबा माझ्यासमोर आपटला.

"चलवता तुम्ही," ती म्हणाली, "आणि नाव माझा!"

मी उठून अंगणात फेऱ्या मारू लागलो, तर कुंपणापलीकडून शेवंतीकाकूंचा आवाज आला, "आता ह्येका पण काढल्यान की काय?"

चौथ्या दिवशी मुंबईहून माझी बहीण भक्ती आली. न कळवता. सोबत मिठाईचे डबे. तिने आधी फ्रिज उघडला, मग तांदळाचा डबा, मग अण्णांची उशी दाबून पाहिली. "अण्णा, खरा सांगा. तुमका जेवक देतत?"

अण्णा खोटं बोलत नाहीत, हे आमच्या घराचं मोठं दुर्दैव. "निम्मा देतत," ते म्हणाले.

पुढचा आठवडा घरात काय झालं ते मी सांगत नाही. स्वप्ना आणि भक्ती एकमेकींशी अतिशय गोड बोलत होत्या, यावरून काय ते समजावं. भक्ती जाईपर्यंत मिठाईचे डबे रिकामे झाले होते. जाताना डोळ्यांचं सगळं नीट समजल्यावर ती रडली आणि म्हणाली, "मगे माका आधी सांगूचा नाय?" आधी सांगायचं नाही असं अण्णांनीच बजावलं होतं. पिंगुळीचं कोणाला कळायला नको होतं.

मी विचार केला. रोग चालण्यात नव्हता, उत्तरात होता. मी अण्णांना म्हटलं, "कोणी विचारल्यान तर सांगा, जॉनअंकलकडे चललंय. दुसरो भेटलो तर सांगा, शेवंतीकाकूकडे. संपला."

अण्णांनी मान डोलावली. पण माणूस एस्टीचा. ज्या गावची पाटी लावली त्या गावाला गाडी गेलीच पाहिजे. जॉनकडे चाललो म्हटल्यावर ते जॉनकडेच गेले. तिथे ईडाआंटीने चहा आणि केक दिला. शेवंतीकाकूंकडे चाललो म्हटल्यावर तिथे गेले, त्यांनी नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या वाढल्या. सुनेने काढलेल्या म्हाताऱ्याला उपाशी कोण पाठवेल? साकवाजवळच्या हॉटेलात भजी झाली. मी शाळेत नद्यांचे उगम शिकवत होतो आणि अण्णा घराघरांतून वाहत होते.

दरम्यान मी ग्रामपंचायतीत गेलो. ज्येष्ठ नागरिकांना चालायला शाळेमागचं मैदान सकाळी उघडून द्यावं, अशी साधी विनंती. ग्रामसेवकांनी अदबीने बसवलं.

"चालणार म्हणजे कुठून कुठपर्यंत?"

"गोल."

"गोल ठीक आहे सर, पण पोचणार कुठे?"

"जिथून निघालो तिथेच."

ते खरोखर अडचणीत पडले. रस्त्याचं काम असतं तर कुठून कुठपर्यंत लिहिता आलं असतं. खेळ म्हणावा तर तो मुलांचा. प्रदक्षिणा म्हणावी तर मध्ये देऊळ हवं. "मध्ये काहीतरी असतं ना सर," ते कळवळून म्हणाले, "एखादी तुळस तरी." मी उठलो. बाहेर शिपायाने विचारलं, "खंय चललास, गुरुजी?" आणि मी त्याच्यावर उगाचच ओरडलो.

पुन्हा तपासणी झाली. साखर आधीपेक्षा जास्त. डॉक्टरांनी अण्णांना नाही, मला झापलं. "चालायला सांगितलं होतं, घरोघरी जेवायला नाही. डाव्या डोळ्याचं लवकर झालं नाही तर कठीण होईल."

त्या संध्याकाळी मी अण्णांना बोललो. खूप बोललो. तुम्हाला पर्वा नाही, सगळा गाव आम्हाला हसतो, स्वप्नाने काय काय ऐकून घेतलं, भक्ती रडत गेली, आणि शेवटी, "बसा मगे आंधळेच!" इथपर्यंत बोललो. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही. हल्ली ते न्हाणीकडे जाताना भिंतीला हात लावत जायचे आणि मी समोर आलो की हात पटकन मागे घ्यायचे. ते मी बघितलं होतं.

अण्णा रागावले नाहीत. पडवीत बसून त्यांनी पांढऱ्या बुटांची नाडी सोडली.

"सुदेशा, पाटी नसलेली गाडी डेपोतसून भायर काढूची नसता. लोक हात करतत, खंयची म्हणान इचारतत. ड्रायव्हरान काय सांगूचा? माझ्यार आता पाटीच नाय रे."

मी अंगणात गेलो आणि पुन्हा आत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा जागेवर नव्हते. बूटही नव्हते. मी चपला न घालता धावलो. जॉनकडे नाहीत, शेवंतीकाकूंकडे नाहीत, साकवाखाली वाकून पाहिलं. जो भेटला तो विचारत होता, "खंय चललंस, सुदेश?" आणि बाप खाडीकडे तर गेला नाही ना, हे मला तोंडाने म्हणवत नव्हतं. "खंय नाय," असं ओरडून मी पुढे पळत होतो.

ते तिठ्यावर होते, तीन रस्ते मिळतात तिथे. रात्री आमच्या तिठ्यावर वस्तीची गाडी मुक्कामाला असते, ती सकाळी सुटते, कधी कुडाळला, कधी मालवणला. अण्णा छत्रीच्या टोकाने तिचे टायर ठोकून बघत होते. ड्रायव्हर लवू तोंड धुता धुता कौतुकाने बघत होता. मग अण्णा गाडीच्या पुढे आले आणि पाटीला नाक लागेल इतके जवळ उभे राहिले.

"मालवण," ते म्हणाले.

पाटी कुडाळची होती. लवूने एकवार माझ्याकडे पाहिलं आणि भला माणूस म्हणाला, "व्हय अण्णा, मालवण."

"मालवण?" गाडीतली एक म्हातारी ओरडली. "अरे मेल्या, माका कुडाळाक जावचा आसा!" ती पिशवी घेऊन उतरू लागली. तिच्यामागून आणखी चौघं. कंडक्टर म्हणाला कुडाळ, लवू म्हणाला अण्णांचं मन राखलं, म्हातारी म्हणाली मन राखायला माझा दवाखाना चुकवतोस काय. गाडीला उशीर झाला. अण्णा बाजूला उभे राहून ऐकत होते. वाटलं, आता हे पुन्हा घराबाहेर पडायचे नाहीत.

गाडी गेली. धुरळा खाली बसेपर्यंत अण्णा त्या दिशेला बघत राहिले.

"कुडाळ होता काय?" त्यांनी विचारलं. "बरा. उद्या परत येतंय."

आणि खरोखर दुसऱ्या दिवशी ते निघाले. शेवंतीकाकूंनी विचारलं, "खंय चललास, अण्णा?"

"पाटी वाचूक."

"मगे जावा, जावा. गाडी सुटात!" काकू म्हणाल्या आणि पुन्हा झाडू लागल्या.

इतकं सोपं होतं. पाटी वाचायला जाणारा माणूस कामाचा माणूस. त्याला कोणी चहाला थांबवत नाही, कारण गाडी कोणासाठी थांबत नाही. केक नाही, खापरोळ्या नाहीत. तिठ्यापर्यंतची चढण अण्णा घाम गाळत चढू लागले. ड्युटीवर जाताना पोट भरलेलं असेल तर स्टेअरिंगवर झोप येते, हा त्यांचा जुना नियम स्वप्नाच्या लक्षात होता. तिने अदबीने सांगितलं, "अण्णा, उद्या पण ड्युटी आसा." पेजेचा वाडगा आपोआप लहान झाला. त्यांनी संध्याकाळच्या गाडीचीही ड्युटी लावून घेतली. चालून मोतीबिंदू जात नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. वाडीतल्या लोकांनी मात्र मदत करायचं ठरवलं. जॉनअंकल कुंपणावरून हळूच म्हणायचे, "भिकाजी, आज कुडाळ हां." अण्णा संतापायचे. "माका कॉपी नको!"

साखर उतरली. डॉक्टरांनी दोनदा तपासून पाहिली, आणि एक डोळा, मग दुसरा, अशी दोन्ही ऑपरेशनं झाली. शेवटची पट्टी काढली त्या दिवशी कुडाळ स्टँडवर अण्णा काळा चष्मा लावून उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी मोठ्याने वाचू लागले. सावंतवाडी! वेंगुर्ला! देवगड! पिंगुळीचं नाव आलं तेव्हा जरा हळू वाचलं. लोक त्यांना कंट्रोलर समजून चौकशा करू लागले आणि अण्णा सांगू लागले. त्या भरात आमची स्वतःची गाडी निघून गेली, पण मी काही बोललो नाही.

संध्याकाळी मी पडवीत फेऱ्या मारत होतो. वह्या तपासायच्या होत्या, अण्णांचे थेंब आणायचे होते. अण्णा चष्मा काढून माझ्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते.

"सुदेशा, हंय ये. उजेडात ये."

मी गेलो.

"केस कधी पिकले रे तुझे?"

मी हसलो. "झाली की दोन-तीन वर्षां."

"माका दिसले नाय," ते म्हणाले. मग माझ्या डोळ्यांखाली बोट लावून पाहिलं. "किती थकलंस रे. तू नुसतो धावतंस, चालणंस खंय?"

मला तिथे उभं राहवलं नाही. थेंब आणतो म्हणून मी बाहेर पडलो आणि थेंबांची चिठ्ठी घरीच राहिली.

डॉक्टरांनी हिंडायची परवानगी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला उठवलं. त्यांच्या पायात पांढरे बूट होते. रविवार होता, आणि रविवारी वस्तीची गाडी नसते.

"चल."

"खंय?" मी विचारलं.

"खंय नाय. चल."

कुंपणापाशी शेवंतीकाकू झाडू घेऊन उभ्याच होत्या. "आज गाडी नाय मां? खंय चललास बापलेक?"

मला वाटलं, आता पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू होणार. पण अण्णा थांबले, माझा दंड धरला आणि म्हणाले, "ह्यो झील थकलो गो माझो. तेका जरा फिरवन आणतंय."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"व्हय," त्या म्हणाल्या, "दिसता खरो." आणि आम्हाला वाट करून दिली.